दुरुस्तीनंतरचा फोन
शहापूरजवळच्या कॉलेजातल्या महासंगणकाचे बिघडलेले नोड, म्हणजे त्यात जोडलेले एकेक संगणक, तपासून दुरुस्त करायचं काम हेमराज आणि अश्विन या जोडीकडे होतं. महिन्यापूर्वी हायवेवर अपघातात अश्विन गेला. आज त्याची आई सत्यभामा सिहोऱ्याहून त्याचं सामान न्यायला आली, ती त्याच्या टेबलावरच्या उघड्या नोडपाशीच बसून राहिली. “हे त्यानंच खोललं होतं का बाबू?” “हो,” हेमराज म्हणाला. मग त्याने मेमरीची खराब पट्टी बदलली, नोड रॅकमध्ये बसवला आणि चाचणी लावली. नोड सुरू झाला. “मशीन सुधरली का तो मले फोन करे,” ती म्हणाली. “तू करशीन का?” समोरच उभ्या हेमराजने तिचा नंबर लावला. तिने फोन कानाला धरून डोळे मिटले. “हो अश्विन, आयकून राहिली मी. जेवला का रे?” हेमराजने आपला फोन कानाशी नेला. “जेवलो, माय.”