दारावरून उतरलेलं अस्वल

"कुणालाही खरं वाटणार नाही, आणि वाटलं नाही तरी मला फरक पडत नाही," इसोनो आजी लोखंडी पिंजऱ्याला पाठ लावून म्हणाली. "पण हे अस्वल माझं आहे. काल मी दारावरच्या चित्रात त्याला डोळे रेखले."

आत, सकाळी शाळेजवळ पकडलेलं अस्वल घोरल्यासारखं गुरगुरत होतं. रोकुया शिकारी बंदूक घेऊन समोर उभा होता. अस्वलाला मारायचा नगरपालिकेचा हुकूम त्याच्याच नावावर निघाला होता.

"डोळे तर देवळात, देवीसमोर उघडायचे ना, आजी? डोळे आले की जीव येतो."

"तेच तर चुकलं माझं! दम निघेना. डावा रेखला, उजवा रेखला, आणि मेलं दारावरून खाली उतरलं की! अंग झाडलं, माझ्या ताटातला लोणच्याचा मुळा उचलला आणि चाललं शाळेकडे, पर्सिमॉनच्या फळझाडावर. वर्षभर उपाशी उभं होतं रे बिचारं."

"मुळासुद्धा खाल्ला?"

"ताटली चाटून ठेवली."

नगरपालिकेच्या होशिबाबाई डोक्यावरचं हेल्मेट सावरत म्हणाल्या, "आजी, सरका. शाळा सुटायच्या आत उरकायचंय."

"आधी माझ्या ओसरीवर जाऊन दार बघा! देवीच्या अस्वलावर गोळी झाडणार? झाडा मग."

रोकुया ओसरीवर गेला. डोंगरदेवीच्या देवळासाठी आजी वर्षभर ते दार रंगवत होती. बिनडोळ्यांचं ते काळं अस्वल सगळ्या गावानं पाहिलेलं. आता दार कोरं, पांढरंशुभ्र होतं. रंगातल्या सरसाचा ताजा वास येत होता. त्यानं बोट पुढे नेलं आणि टेकवायच्या आत मागे घेतलं. त्याच्या बापानं डझनावारी अस्वलं मारली होती, पण दर वेळी देवीला विचारून. इथे त्याला कुणी काही विचारलंच नव्हतं.

तो परत आला. त्यानं टोपी काढली.

"दार रिकामं आहे, बाई. मी नाही मारणार."

"मग खालच्या गावचा माणूस येईल. फोन केला की अर्ध्या तासात."

गजांमधून अस्वलानं आजीचे केस हुंगले. आजी हलली नाही.

"खोटं बोलतेय का मी? रोकुयानं पाहिलं ना डोळ्यांनी!"

होशिबाबाई तिला उठवायला वाकल्या. काखेत हात घातला आणि तशाच थांबल्या.

"आजी," त्या हळूच म्हणाल्या, "कोपरापर्यंत पांढरा रंग लागलाय तुम्हाला. अजून ओला आहे."