एकशेवीस-ऐंशी

दाजींचा डावा गाल झाला होता आणि उजव्यावर फेस होता, तेवढ्यात आरोग्य केंद्रातल्या मॅडम सलूनमध्ये शिरल्या. एका हातात नवं खोकं, काखेत फाइल. सलूनवाल्याने वस्तरा उचलून धरला.

"चालू द्या दादा तुमचं. हे तुमचे मेहुणे ना? मी बसते." बाकावर बसून त्यांनी एक कागद काढला.

आसपासच्या सहा सलूनना केंद्राने रक्तदाब मोजायचं मशीन दिलं होतं. डॉक्टरकडे वर्षानुवर्षं न फिरकणारे पुरुष सलूनमध्ये मात्र न चुकता येतात, तर तिथेच दंडाला पट्टा बांधा, आकडा कार्डावर लिहा, जास्त निघाला तर केंद्रात पाठवा, अशी साधी योजना. या दुकानाने सगळ्यांत जास्त कार्डं भरली होती. त्याचं प्रशस्तिपत्र आरशाच्या वर लावलेलं होतं. एखाद्याला ते दिसलं नाही, तर सलूनवाला स्वतः दाखवत असे.

"बाकीच्या दुकानांत बघा," मॅडम म्हणाल्या, "कुणाचा एकशेदहा, कुणाचा दीडशे, कुणाचा पावणेदोनशे. तुमच्याकडे तीनशेतल्या दोनशेचाळीस जणांचा नेमका एकशेवीस-ऐंशी."

"म्हणजे आमची गिऱ्हाइकं ठणठणीत," दाजी फेसातून म्हणाले. "हा एवढं डोकं खातो, तरीसुद्धा!"

मॅडमना हसू आलं. "असं नसतं काका. एकाच माणसाचासुद्धा सकाळी वेगळा, संध्याकाळी वेगळा येतो. मशीनच अडकलंय. चूक आमची आहे दादा. आठ महिने आम्ही ते तपासलंच नाही. हे नवीन आणलंय."

सलूनवाल्याने वस्तरा धुतला. मग धुतलेलाच पुन्हा धुतला.

मशीन अडकलं नव्हतं. पहिला महिनाभर त्याने सगळं मन लावून केलं होतं. पण आकडा जास्त निघाला की गिऱ्हाईक घाबरायचं, दोघेजण तर पुन्हा दुकानाची पायरी चढले नाहीत. शिवाय माणसाला आधी पाच मिनिटं गप्प बसवायचं, आणि सुटीच्या दिवशी बाकावर सातजण ताटकळलेले. मग पट्टा नुसताच बांधायचा आणि आकडा मनाने टाकायचा, असं सुरू झालं. दाजींचा त्याने एकदा खरा मोजला होता. एकशेअडुसष्ट आला होता. ताईच्या जिवाला घोर नको, म्हणून त्याने एकशेवीस लिहिला. तेव्हा ते कारण त्याला पटलंही होतं.

"काका, तुमच्यावरच बघू," म्हणत मॅडमनी दाजींच्या दंडाला नव्या मशीनचा पट्टा बांधला. थोडा वेळ गप्प बसवून मोजला, मग पुन्हा मोजला. दोन्ही वेळा एकशेनव्वदच्या वर. त्यांचं हसू मावळलं.

"डोकं दुखतं का?"

"रोजच. उन्हाचं असेल."

"डोळ्यांपुढे अंधारी?"

"परवा जिन्यात आली होती."

"आत्ता माझ्याबरोबर केंद्रात चला. असाच राहिला तर झटका येऊ शकतो काका."

दाजी उखडले. "आठ महिने तुमचं कार्ड खिशात घेऊन फिरतोय मी! बायको म्हणते डॉक्टरला दाखवा, की मी तिच्यापुढे कार्ड धरतो. आणि आता म्हणता मशीन बिघडलेलं? लोकांच्या जिवाशी खेळता का? हा बिचारा स्वतःचं काम सोडून तुमचं करतो, उद्या लोक त्याला नावं ठेवतील!"

मॅडमची मान खाली गेली. नोकरीला लागून त्यांना वर्षही झालं नसेल. "चुकलं काका. मी वर तसं लिहून देते." त्यांनी फॉर्म भरला आणि सलूनवाल्यापुढे पेन धरलं. "दादा, इथे सही करा. मशीन नादुरुस्त होतं म्हणून."

त्याने पेन घेतलं. सही केली असती तर कुणाला कधी काही कळलं नसतं. पण एक परकी पोर त्याच्या वाटची बोलणी खात होती, आणि दाजी त्याचीच बाजू घेऊन भांडत होते. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"मशीन चांगलं आहे," तो पुटपुटला. ते कुणाला ऐकूच गेलं नाही, म्हणून पुन्हा सांगावं लागलं. "मशीन चांगलं आहे मॅडम. मी मोजतच नव्हतो."

"कुणाकुणाचं?"

"बऱ्याच जणांचं." त्याने खाली बघितलं. "दाजींचंही."

मॅडमनी फॉर्म घडी करून फाइलमध्ये ठेवला. त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं, असं त्याला वाटलं.

"दोनशेचाळीस जणांचं पुन्हा मोजावं लागेल," त्या म्हणाल्या. "घरोघरी जाऊन. उद्यापासून तुम्ही माझ्याबरोबर यायचं दादा. का मोजतोय, ते प्रत्येकाला तुम्हीच सांगायचं."

त्याने मान हलवली.

दाजी खुर्चीतून उठले. उजव्या गालावरचा फेस त्यांनी टॉवेलने पुसून टाकला. एका गालावर दाढी तशीच. त्यांनी मेहुण्याकडे बघितलंही नाही, मॅडमच्या मागोमाग निघाले. दाराशी चपला घालताना मात्र थांबले.

"ताईला तू काही सांगू नकोस," ते म्हणाले. "तिला तुझं फार कौतुक आहे. मशीन बिघडलं होतं, असंच सांगतो मी तिला."