खांबावरची पिशवी

क्रेनची दोनशे बारा पायऱ्यांची लोखंडी शिडी.

डाव्या हातमोज्याला अंगठ्याशी भोक.

दारातून बायको : "डबा आडवा धरू नका, सांडेल."

चौकात बंद पडलेला ट्रक आणि मागे भोंग्यांचा गोंगाट.

पांढरं घुबड.

तो थांबलाच. सकाळचे साडेसात, लख्ख उजेड, आणि चौकातल्या दिव्याच्या खांबावर घुबड बसलेलं. पत्त्यातल्या बदामासारखं तोंड. नखं खांबाच्या कडेला घट्ट रोवलेली. घुबडाने सावकाश मान फिरवली, आधी खाली ट्रककडे पाहिलं, मग थेट त्याच्याकडे.

"अरे, बघ, बघ! घुबड!" त्याने मेहुण्याचा दंड धरला. मेहुणा म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ. नऊ वर्षं दोघे याच वाटेने कामावर जात होते. तो वर बसून क्रेन चालवायचा आणि मेहुणा खालून वॉकीटॉकीवर सांगायचा : डावीकडे, अजून थोडं, बस.

मेहुण्याने वर पाहिलं. जरा वेळ पाहिलं. "कुठे?"

"खांबावर रे. पांढरं."

"भाऊजी, पिशवी आहे ती. प्लास्टिकची. अडकलीय."

"मान फिरवली त्याने!"

"मग आता डोळा मारायला सांगा."

ट्रक एकदाचा सुरू झाला आणि धूर सोडत मध्ये आला. ट्रक सरकला तेव्हा खांब रिकामा होता.

"बघ, उडालं."

"पिशव्याही उडतात, भाऊजी."

तोही हसला. पण वरच्याने स्वतःच्या डोळ्यांवर विसंबायचं नसतं, हे क्रेनचं पहिलं शिक्षण. भिंतीआड काय आहे ते वरून दिसत नाही. खालचा सांगेल ते खरं. मेहुण्याने 'बस' म्हटलं आणि त्याचा हात थांबला नाही, असं नऊ वर्षांत एकदाही झालं नव्हतं. चार पावलं गेल्यावर त्याला वाटलं, असेलही पिशवी. बांधकामाच्या फाटकापाशी पोचेपर्यंत त्या बदामी तोंडाला पिशवीचे दोन बंद फुटले होते आणि ते वाऱ्यावर हलत होते.

फाटकात सेफ्टीवाला वही घेऊन उभा होता. इथे कुणी स्वतःबद्दल सांगायचं नसे. जोडीदाराने जोडीदाराचं सांगायचं : झोप झालीय का, डोकं ठिकाणावर आहे का, नजर नीट आहे का. स्वतःबद्दल विचारलं की माणूस खोटं बोलतो, असा कंपनीचा अनुभव होता.

"मेहुणे कसे आहेत?"

"ठणठणीत," तो म्हणाला. "कान सशाचे."

"आणि आमची घार?" सेफ्टीवाल्याने मेहुण्याला विचारलं.

घार म्हणजे तोच. चौदाव्या मजल्यावरून पडलेला नट कुठे घरंगळला ते तो वरून बोट दाखवून सांगायचा, तेव्हापासूनचं नाव.

मेहुणा बुटांकडे पाहत राहिला. "सांगू नये खरं तर. घरचं माणूस आहे. पण उद्या काही झालं तर मलाच खाईल ते. वाटेत भाऊजींना पिशवीचं घुबड दिसलं. मान फिरवली म्हणाले."

रांगेत खसखस पिकली. "घारीला भावकी भेटली!" मागून कुणीतरी ओरडलं.

सेफ्टीवाला हसला नाही. "काय हो? खरं आहे हे?"

त्याने तोंड उघडलं. नखं आठवली. मग मेहुण्याकडे पाहिलं, नेहमी वरून पाहायचा तसं, पुढे काय करायचं ते विचारत. मेहुण्याने अगदी हळू होकारार्थी मान हलवली.

"पिशवीच होती," तो म्हणाला. "मला घुबड वाटलं."

सेफ्टीवाल्याने वहीत रेघ ओढली आणि हात पुढे केला. "किल्ली द्या. डॉक्टरचा कागद आणा, मग बघू. तोवर स्टोअरला बसा."

"किती दिवस?"

"बघू म्हटलं ना."

स्टोअरला बसवलेला माणूस परत शिडी चढलेला त्याने बावीस वर्षांत पाहिला नव्हता. केबिनची किल्ली गळ्यात दोरीला होती. काढताना दोरी हेल्मेटच्या पट्ट्यात अडकली. त्याने एकदा ओढली, दोनदा ओढली. मेहुणा पुढे झाला. त्याने हलक्या हाताने, कुठे काचू न देता, भाऊजींची मान मोकळी केली आणि किल्ली सेफ्टीवाल्याच्या तळहातावर ठेवली.

मेहुण्याने क्रेनचा परवाना दोन महिन्यांपूर्वीच काढला होता. अर्जावरचा फोटो त्याच्या बहिणीने काढला होता, सुट्टीच्या दुपारी, नवरा आत झोपलेला असताना.