नव्या मालकांची अट

हेल्मेटची काच वर सरकवून वेल्डरने फोन कानाला लावला.

"तुमचं कर्ज विकलं गेलंय," पलीकडून एक वकील शांतपणे सांगत होते. "मी नव्या मालकांच्या वतीने बोलतोय. सोमवारी ऑफिसात येऊन भेटा."

"कर्ज नाही ते. माझा पगार आहे तो."

"कागदावर कर्ज आहे. आणि खाली सही तुमची आहे."

फोन बंद झाला. त्याने काच खाली ओढली आणि पुन्हा कामाला लागला. जोड वाकडा गेला. सगळा घासून काढून पुन्हा करावा लागला.

बॉयलरच्या कारखान्यात तो ठेक्यावर काम करायचा. कायमची नोकरी नाही, आपला कर आपणच भरायचा. अशा ठेकेवाल्यांसाठी मध्यंतरी एक पगार कंपनी निघाली होती. तिचा माणूस इतका गोडबोल्या की सगळे त्याला हसऱ्याच म्हणत. त्याची युक्ती सोपी होती. कारखान्याचे पैसे आधी कंपनीकडे जायचे. त्यातले थोडे पगार म्हणून हातात पडायचे आणि बाकीचे कर्ज म्हणून. कर्जावर कर बसत नाही, आणि हे कर्ज कोणी कधी परत मागणार नाही, असं हसऱ्या छातीवर हात ठेवून सांगायचा.

"परत मागायचंच नाही, तर त्याला कर्ज कशाला म्हणायचं?" ताईने तेव्हा विचारलं होतं.

ताई त्याची थोरली बहीण. आई गेल्यावर तिनेच त्याला लहानाचं मोठं केलं. त्या दिवशी चौकातल्या आपल्या छोट्याशा सलूनमध्ये ती एका बाईचे केस कापत होती आणि आणखी दोघी नंबर लावून बसल्या होत्या. सगळ्यांचे कान त्यांच्याकडेच. तो भडकला.

"तू केस काप. पैशातलं तुला काय कळतंय?"

ताईने पुन्हा कात्री चालवायला घेतली. तेव्हापासून दोघांचं बोलणं बंद होतं.

पुढे करखात्याने सांगितलं की हे कर्जबिर्ज काही नाही, सगळं उत्पन्नच आहे. मागच्या सगळ्या वर्षांचा कर, त्यावर व्याज, वर दंड. हसऱ्याने लगेच गाशा गुंडाळायला घेतला. ऑफिसचं सामान टेम्पोत भरताना तो वेल्डरच्या तावडीत सापडला. भर रस्त्यात वेल्डरने त्याची कॉलर धरली आणि तोंडाला येईल ते सुनावलं. तेव्हा मात्र हसऱ्या हसला नाही.

"याची माफी मागायला लावीन तुला," तो म्हणाला.

वेल्डरने हातपाय गाळले नाहीत. करखात्यात स्वतः गेला आणि हप्ते बांधून घेतले. मोटारसायकल विकली. सुट्टीच्या दिवशी लोकांची गेटं आणि खिडक्यांच्या जाळ्या करून द्यायला लागला. बायकोने शिलाईची कामं घेतली.

"कर भरला नाही, तो भरायचा," तो तिला म्हणाला होता. "ते माझं देणं आहे. पण तेवढंच."

आणि आता हा फोन.

जेवणाच्या सुट्टीत सोबतच्या फिटरने डबा उघडता उघडता ऐकून घेतलं. "कंपनी बुडाली ना, आता तिची कर्जं एकेक करून विकतायत. रद्दीच्या भावात घ्यायची आणि सोन्याच्या भावात वसूल करायची. मला विचारशील तर घेणारा हसऱ्याच असणार. नाव तेवढं नवीन."

वेल्डरलाही तेच वाटत होतं.

घरी बायको म्हणाली, "ताईंच्या कानावर घालू या का?"

"कोणत्या तोंडाने? आज गेलो तर पैसे मागायला आला म्हणेल. हे निस्तरतो आणि मग जातो. पाय धरीन तिचे. पण हात पसरणार नाही."

बायकोने मशीनवर दोरा ओवला. "त्यांनी सलून विकलं म्हणे. गुडघे धरतात, उभं राहवत नाही. दुसऱ्या कोणाच्या तरी दुकानात गल्ल्यावर बसतात आता."

त्याने जेवणाचं ताट बाजूला सारलं. एवढं झालं आणि आपल्याला पत्ता नाही.

सोमवारी तो घासूनपुसून, इस्त्रीचा शर्ट घालून वकिलांकडे गेला. छोटं ऑफिस होतं. टेबल, फायलींचं कपाट, मागे आतल्या खोलीचं अर्धवट लोटलेलं दार. वकिलांनी बसायला सांगितलं. तो उभाच राहिला.

"हप्ते मागणार असाल तर सरळ सांगतो, जमणार नाही."

"मालकांना हप्ते नकोत."

"मग? घर हवंय?"

"घरही नको." वकिलांनी चष्मा काढून पुसला. "त्यांची एकच अट आहे. तुम्ही त्यांना लोकांसमोर नको ते बोललात. त्याची माफी मागायची. मग पैशांचं ते बघतील."

म्हणजे फिटरचं खरं होतं. वेल्डरच्या कानशिलावरची शीर ताडताड उडायला लागली. क्षणभर बायकोची सुईने भोकं पडलेली बोटं डोळ्यांपुढे आली. एक शब्द, आणि सगळं संपलं असतं.

"नाही," तो म्हणाला. "कोर्टात खेचा मला. दिवसरात्र काम करीन, करखात्याचा पैसा न् पैसा फेडीन. पण माझ्याच घामाचे पैसे जो माझ्याकडे परत मागतो, त्याच्यापुढे मान खाली घालणार नाही. सांगा जाऊन तुमच्या मालकांना!"

"ऐकलंय त्यांनी," वकील म्हणाले.

आतलं दार उघडलं.

"बघितलंत? लहानपणापासून हा अस्साच," टेबलाचा आधार घेत ताई सावकाश खुर्चीत बसली. "माफी मागायचा नाही. द्या तो कर्जाचा कागद इकडे, मीच माफ करते."