मान

"मान वर कर, पोरी."

कराडच्या शाळेत पस्तीस वर्षं मुलींना सांगितलेलं वाक्य कुमुदबाईंच्या तोंडून केनियातल्या मसाई वस्तीवरही सवयीनं निघालं. त्यांच्या संस्थेनं वसतिगृहाच्या शाळेसाठी निवडलेली नाशिपाई मात्र मान खाली घालूनच उभी राहिली. शेणानं लिंपलेल्या घराच्या दारात बसलेल्या तिच्या आजीचा चेहरा उतरला. पोरीला पाठवायचं की नाही, हे आजीच ठरवणार होती.

"बाई, ती घाबरलेली नाही," दुभाष्याचं काम करणारी शिक्षिका कुजबुजली. "थोरामोठ्यांनी डोक्यावर हात ठेवल्याशिवाय इथली मुलं मान उचलत नाहीत."

बाई ओशाळल्या. त्यांनी त्या तुळतुळीत डोक्यावर हात ठेवला, तशी नाशिपाई वर बघून खुदकन हसली.

मग बाई आजीसमोर गेल्या, गुडघा धरून वाकल्या आणि मान खाली घालून थांबल्या. बऱ्याच वेळानं एक खरखरीत तळवा त्यांच्या पांढऱ्या केसांवर टेकला. आजी काहीतरी पुटपुटली.

शिक्षिकेला हसू आवरेना. "म्हणतात, बाईला वळण आहे. खुशाल न्या पोरीला."