रोज एकेक

"नळी जोडता नाही येणार?" प्लंबरनं विचारलं.

डॉक्टरबाईंनी बाळाची अन्ननलिका कागदावर काढून दाखवली होती. वरचा तुकडा मध्येच बंद, खालचा जाऊन श्वासनलिकेला चिकटलेला. जन्मभर नळ जोडत आलेल्या माणसाला ते चित्र लगेच कळलं.

"तेवढंच असतं तर जोडली असती. पण हृदयाचा डावा भाग नीट झालेला नाही. मणके वाकडे आहेत. आणि कालच्या तपासणीत दिसलं, दोन्ही मूत्रपिंडं बनलेलीच नाहीत." बाईंनी पेन खाली ठेवलं. "एकेकटं असतं तर लढलो असतो. हे सगळं एकदम आलंय. मशीनवर फार तर एखादा दिवस काढेल, तोही त्रासात. आईला घेऊन या. तिच्या मांडीवर असू दे."

तो एक मजला खाली आला. पहिल्या दिवशी त्यानं बायकोला सांगितलं होतं, पोट जरा नाजूक आहे. दुसऱ्या दिवशी, हृदयाला बारीकसं भोक आहे, भरून येतं म्हणे.

ती टाके सांभाळत खाटेच्या कडेला बसली होती.

"आज काय सांगणार आहात?"

त्यानं पायानंच तिच्या चपला पुढे सरकवल्या.

"मी सिस्टरना रोज विचारते. मला सगळं माहीत आहे."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही इतकं जुळवून आणायचात. मोडवेना."

तो खाली बसला आणि तिच्या चपलेचा पट्टा लावू लागला. त्याला बराच वेळ लागला.

वर सिस्टरनं नळ्या काढल्या, गालावरची चिकटपट्टी हलक्या हातानं सोडवली आणि बाळ तिच्या मांडीवर ठेवलं. तीन दिवसांत पहिल्यांदाच त्याचा अख्खा चेहरा दिसला. तिचा गाऊन छातीशी ओला झाला.

"आजच आलं," ती खालच्या आवाजात म्हणाली. "दुधाला कुणी सांगितलंच नाही."

सिस्टरनं क्षणभर तोंड फिरवलं. मग म्हणाली, "पाजता नाही यायचं, ताई. पण बोटानं ओठाला लावा."

तिनं लावलं. इवलीशी जीभ बाहेर आली, ओठ चाटून आत गेली. तोंड मात्र उघडंच राहिलं.

प्लंबर वाकला. "काय झालं त्याला?"

"काही नाही," ती म्हणाली. "अजून मागतोय."