पाणी आल्याचा मेसेज

भिकुबाई ग्रामपंचायतीत आली ती थेट चंदनच्या टेबलासमोर उभी राहिली. "मना मेसेज बंद कर," म्हणाली.

चंदन जळगावच्या सॉफ्टवेअर कंपनीचा. एरंडोल तालुक्यातल्या या गावात आठव्या दिवशी नळ येतो. पाणी सोडणारा हिलाल टाकीचा व्हॉल्व्ह उघडतो, व्हॉल्व्हवरचं यंत्र तेवढं जाहीर करतं, आणि ज्यांनी नाव नोंदवलंय त्यांच्या मोबाईलवर मेसेज जातो. ऐकणारा कोण, याच्याशी यंत्राला देणंघेणं नाही. चंदन याला इव्हेंट आणि सबस्क्रायबर म्हणतो. हिलाल म्हणतो, दवंडी.

चंदनने यादी उघडली. "आजी, तुमच्या नावापुढे भलताच नंबर होता. तो माणूस राहतो सुरतेला. पाणी इथे आणि मेसेज तिकडे! मागच्या आठवड्यात मीच दुरुस्त केला."

"तो मना पोऱ्या शे. त्यानाच नंबर टाक परत."

"मग पाणी आल्याचं तुम्हाला कसं कळणार?"

"नळ दारमा शे. माले दिखस."

शिकलेल्या माणसाला कधी कधी फोड करूनच सांगावं लागतं. मेसेज गेला की पोरगा सुरतेहून फोन करायचा, 'माय, पानी उनं, भरी ले.' दर आठ दिवसांनी, न चुकता. मागच्या पाण्याला फोन आला नाही. मेसेज सुरू होण्याआधीही महिनोन्‌महिने येत नव्हता म्हणा, पण तेव्हा सवय नव्हती. आता होती, म्हणून तिला फार वाईट वाटलं.

चंदनने नंबर बदलला. "झालं. पुढच्या पाण्याला येईल फोन."

म्हातारी जायचं सोडून बाकावर बसली. "जास का नही, कसं समजी?"

"एकट्याला पाठवून बघता येत नाही, आजी. एकदा सोडला की गावभर जातो. आणि आज टाकीत थेंब नाही."

हिलाल दाराशी उभा राहून ऐकत होता. "सोडा साहेब," तो म्हणाला. "शिव्या तशाही मलाच पडतात. आज जरा जास्त पडतील."

चंदनने मेसेज सोडायचं बटण दाबलं. पाच मिनिटांत गल्लीगल्लीत कोरड्या नळांखाली हंडे लागले, आणि मग हिलालच्या सात पिढ्यांचा उद्धार सुरू झाला. हिलाल गुपचूप टाकीमागे जाऊन बसला.

भिकुबाईच्या हातातला मोबाईल वाजला. तिने तो लगेच उचलला नाही. आधी डोक्यावरचा पदर सारखा केला, मग कानाला लावला.

"उनं का पानी?" ती म्हणाली. "बरं जयं तू सांगं, बेटा. माले मालूमच नव्हतं."